आधी शिंगरं दाखवा

सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. गेल्या डिसेंबरात तिथं एका मांडवापुढं मी तासभर उभा होतो. आत एक नुकरा नर होता. दुधासारखा पांढरा, गुलाबी कातडीचा, ६६ इंची. पायांत चाळ, गळ्यात माळा, डोक्यावर तुरा, तोंडासमोर पंखा. हलगी वाजली की तो पुढचे पाय उचलून नाचायचा आणि गर्दीतले मोबाइल वर व्हायचे. मालकाला म्हटलं, माझी स्वारीची घोडी आहे, तिच्यासाठी नर बघतोय. त्यानं लगेच दोन फोटो दाखवले. एकात घोडा ढालीशेजारी, दुसऱ्यात पुढाऱ्याशेजारी. मी विचारलं, “याची शिंगरं कुठं बघायला मिळतील?”

तो हसला. “शिंगरं कशाला बघता काका? नर समोर उभाय की!”

पुढच्या दोन दिवसांत हेच उत्तर मला आणखी चार मांडवांत मिळालं. माझं भांडण या उत्तराशी आहे.

मी चित्रकलेचा मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. बारामती तालुक्यात नीरा डाव्या कालव्यापलीकडं आमचं शेत आहे, घरापासून सहा किलोमीटरवर. रोज सकाळी मी घोडीवरून जातो. नऊ वर्षांपूर्वी माणदेशातून सगुणा आणली तेव्हा ती तीन वर्षांची होती. रंगानं कुमैत, उंचीला ५६ इंच, मागचा डावा पाय तेवढा पांढरा. त्या पायामुळंच ती मला परवडली. एकच पाय पांढरा असलेल्या जनावराला घोडेवाले अरजल म्हणतात आणि अपशकुनी मानतात. माझ्या आधीची दोन गिऱ्हाइकं तो पाय बघून परत गेली होती. मी पाय उचलून खूर बघितला आणि पैसे मोजले.

तिच्यावरून मी दोनदा पडलोय, दोन्ही वेळा चूक माझी. दुसऱ्यांदा तंग सैल राहिला होता. कालव्याच्या भरावावर खोगीर एका अंगाला फिरलं आणि मी रिकिबीत पाय अडकून उलटा लटकलो. अशा वेळी घोडं बिथरून पळालं की माणूस फरफटत जातो, आणि जगला वाचला तर पुन्हा घोड्यावर बसत नाही. सगुणा जागच्या जागी थांबली. मान वळवून तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि बांधावरची हराळी खायला लागली. पाय सोडवायला मला पाच-सात मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात तिनं एक पाऊल टाकलं नाही.

अशी घोडी असली की हिचं एक शिंगरू असावं असं वाटायला लागतं. मलाही वाटलं. पहिल्यांदा हे आमच्या डॉक्टरताईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, “शिंगरू कशाला हवंय, सर?”

“हिच्यासारखी दुसरी पाहिजे.”

“हिच्यासारखी नाही मिळायची. हिची मिळेल.”

मग त्यांनी मला खुर्चीवर बसवून उलटतपासणीच घेतली. बाराव्या वर्षी पहिलटकरीण म्हणजे उशीरच झालाय, हे माहीत आहे का? घोडी अकरा महिने गाभण राहणार, त्यातले शेवटचे चार-पाच महिने स्वारी बंद, नंतर शिंगरू दूध सोडेपर्यंत लांबची रपेट बंद. तोवर शेतावर कसे जाल? नर शिंगरू झालं तर वेळेवर खच्ची कराल, की गावात मिरवायला तसंच ठेवाल? शिंगरू नीट स्वारीला यायला चार वर्षं धरा, तेव्हा तुमचं वय काय असेल? मी हिशोब केला. सदुसष्ट. नात मात्र पंधराची असेल, आणि ती आत्ताच सगुणाच्या पाठीवरून उतरत नाही. तेवढ्या एका उत्तरावर ताईंनी पुढची तपासणी केली. गर्भाशयाची सोनोग्राफी झाली, आतला स्राव तपासायला पाठवला. दोन्ही ठीक निघालं. निघालं नसतं तर हा लेख लिहिलाच नसता, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नसतं. प्रत्येक गुणी घोडीला शिंगरू झालंच पाहिजे असा काही नियम नाही.

नराकडं जाण्याआधी आपल्या घोडीचे दोष लिहून काढावे लागतात. हे काम मला फार जड गेलं. नऊ वर्षांत मी सगुणाची पन्नासेक चित्रं काढली असतील आणि प्रत्येक चित्रात नकळत तिचा खांदा थोडा तिरपा केला होता. खरा खांदा उभा आहे. त्यामुळं तिची दुडकी कडक लागते, माझी कंबर साक्षीला आहे. मान किंचित आखूड. पाठ थोडी लांब. खूर मात्र उत्तम. नालबंद म्हणतो, खिळा ठोकताना लाकडात ठोकल्यासारखा आवाज येतो.

आता खांदा उभा आहे म्हणून अतिशय तिरप्या खांद्याचा नर आणायचा, पाठ लांब आहे म्हणून अगदीच आखूड पाठीचा, असं बहुतेक लोक करतात. मलाही आधी तेच सुचलं होतं. पण दोन टोकं एकत्र आणली की मधलं मिळतं हा भ्रम आहे. शिंगरू आईबापांचा एकेक तुकडा उचलतं. एखाद्या वेळी आईचा उभा खांदा आणि बापाचं नको इतकं आखूड अंग असं दोन्ही पदरात पडतं. म्हणून नर त्या त्या जागी बेताचा, बरोबर असावा. उलट्या बाजूचा अतिरेक नको. आणि मुख्य म्हणजे तो बरोबरपणा त्यानं पुढं दिलाय का, हे कळलं पाहिजे.

नराची ठेवण बघण्यासाठी मी गवंड्याचा ओळंबा बरोबर ठेवत होतो. बाजारात लोक हसायचे. घोडा सपाट जागी चारी पायांवर नीट उभा करायचा. मागं ढुंगणाचं हाड जिथं टोकाला येतं तिथून दोरा सोडायचा. दोरा मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या टोकाला टेकून नळीच्या मागच्या कडेनं सरळ जमिनीवर आला पाहिजे. त्या नुकऱ्याच्या मालकानं मोठ्या मनानं मला दोरा सोडू दिला. सांध्यापर्यंत ठीक होतं, पण तिथून खाली पाय विळ्यासारखा पोटाखाली वळला होता आणि खूर दोऱ्याच्या चार बोटं पुढं होता. अशा पायाच्या मधल्या सांध्यावर जन्मभर ताण येतो.

“नाचून नाचून तशी उभं राहायची सवय लागलीय,” मालक म्हणाला.

असेलही. मागच्या पायांवर तोल धरून नाचवलेल्या घोड्याची ठेवण बिघडू शकते. कमावलेला दोष रक्तातून उतरत नाही, जन्माचा उतरतो. पण हा कमावलेला की जन्माचा, हे नराच्या अंगावर लिहिलेलं नसतं. कधीच न नाचलेली त्याची चार शिंगरं शेजारी उभी केली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. म्हणून मी शिंगरं मागत होतो.

पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये थरोब्रेड नर बघितला तेव्हा हीच अडचण आली. शर्यतीतून निवृत्त झालेला, नऊ वर्षांचा, सुरंग रंगाचा. खांदा असा की माझा हात आपोआप वहीकडं गेला. पुढच्या उजव्या पायाच्या शिरेला मात्र जुनी गाठ होती. शर्यतीत दुखावली, असं सांगितलं. पोरवयात धावायला लावलेल्या घोड्याची शीर दुखावणं नवलाचं नाही. पण नळीची ठेवणच कमकुवत असेल तर? शर्यतीच्या जगात हे शोधता येतं. कोणत्या नराची किती शिंगरं धावली, किती जिंकली, सगळं छापलेलं असतं. या नराला शर्यतीच्या रक्तातली एकही घोडी दाखवलेली नव्हती. गावठी घोड्यांची तीन शिंगरं झाली होती, ती विकली गेली, कुठं गेली ते ठाऊक नाही. शिवाय मी उभा होतो तेवढ्या वेळात त्यानं मोतद्दाराला दोनदा चावायचा प्रयत्न केला. मोतद्दाराला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं.

इथं एक भीती दूर करतो, कारण ती मला गावात दहा जणांनी घातली. एवढा थोरला नर दाखवला तर बारकी घोडी वेताला अडेल, असं सांगतात. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या केंब्रिजच्या दोन शास्त्रज्ञांनी धिप्पाड शायर घोडे आणि बुटकी शेटलंड तट्टं यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शेटलंड आईच्या पोटी शायर बापाचं शिंगरू जन्मताना लहानच होतं, आणि शायर आईचं मोठं. पोटातल्या वाढीला लगाम आईच घालते. म्हणून मी थोरले नर नाकारले ते वेताच्या भीतीनं नव्हे. मला ५६ इंची घोडीवर टांग टाकता येते, ६४ इंचीवर मला ओट्यावर चढून बसावं लागेल, आणि शेताच्या वाटेवर ओटे नाहीत.

रंगाचंही आटोपून घेतो. बाजारात सगळ्यात जास्त बोलणं रंगावर आणि भोवऱ्यांवर चालतं. देवमण कुठं आहे, डोळ्याखाली भोवरा आहे का, चार पाय आणि कपाळ पांढरं म्हणजे पंचकल्याणी, त्याचे वेगळे पैसे. सुरंग नर आणि सुरंग घोडी यांना सुरंगच शिंगरू होतं, हे विज्ञान पक्कं सांगतं. त्यापलीकडं रंग हा निव्वळ हौसेचा भाग आहे. कातडीवरची केसांची गिरकी पायाच्या हाडाबद्दल काही सांगत नाही. अरजल घोडीच्या पाठीवर नऊ वर्षं बसून मी हे लिहितोय.

याहून गंभीर गोष्ट कागदांची. नैसर्गिक मिलनातून घोडीला रोग लागू शकतात, आणि ग्लँडर्ससारखा जिवाणूचा रोग तर घोड्याकडून माणसालाही होतो. ग्लँडर्स पक्का ठरला की ते जनावर कायद्यानं मारावं लागतं, औषधोपचाराचा प्रश्नच नाही. रक्ताच्या तपासणीचा ताजा अहवाल मी प्रत्येक मालकाला मागितला. सारंगखेड्यातल्या पाचांपैकी एकानं दाखवला, तोही आदल्या वर्षीचा. ढाली आणि हारांचे फोटो मात्र पाचही जणांकडं होते.

आता हाच माणूस गाईच्या बाबतीत कसा वागतो बघा. आमच्या भागात गाय माजावर आली की शेतकरी रेत भरायला येणाऱ्याला पहिलं विचारतो, वळू कुठला, त्याच्या आईचं दूध किती, त्याच्या पोरींचं किती. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बायफ सुरू केली, डेअऱ्या आल्या, आणि दोन पिढ्यांत आमच्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसालाही कळलं की वळूची किंमत त्याच्या अंगावर नसते, त्याच्या लेकींच्या कासेत असते. घोड्याच्या बाजारात शिरताना तोच शेतकरी ही अक्कल वेशीवर ठेवून येतो. गाय पोटाला घालते आणि घोडा मिरवायला असतो, एवढंच कारण मला दिसतं.

तंत्र नाही म्हणावं तर तेही आहे. २०२३ साली बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात एका मारवाडी घोडीचा भ्रूण दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवून ‘राज-प्रथमा’ नावाची शिंगरी जन्माला घातली. आपल्या भीमथडी घोड्याला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडंच स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं. नोंद झाली याचा आनंदच आहे. पण धनगरांच्या कोणत्या वाड्यावर कोणता भीमथडी नर आहे आणि त्याची शिंगरं कुठं आहेत, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा. तिथल्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला अशी वही ठेवायला कुणी सांगितलेलंच नाही.

ती वही शेवटी मला एका म्हाताऱ्याच्या डोक्यात सापडली.

आमच्या शेतात दरवर्षी ज्येष्ठात धनगरांची मेंढरं बसतात. दिवाळीनंतर ती कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. खताच्या बदल्यात आम्ही धान्य देतो. या वाड्याबरोबर सात-आठ घोडी असतात. पाठीवर भांडी, बाजल्या, कोंबड्यांच्या पाट्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरं लादून ही जनावरं घाट चढतात आणि उतरतात. त्यातला एक मातकट रंगाचा नर मी कित्येक वर्षं बघत होतो. म्हणजे डोळ्यांसमोर होता, बघितला कधीच नव्हता. मंडळी म्हणाली, “काखेत कळसा!” पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं, कारण सारंगखेड्याच्या खर्चाचा विषय घरात अजून ताजा होता.

नर चौदा वर्षांचा, ५३ इंची. दिसायला काही खास नाही. मी वाड्यावरच्या म्हाताऱ्या आबांना तोच प्रश्न विचारला, याची शिंगरं कुठं आहेत? आबांनी हात फिरवला. “ही काय समदी. ही दोन त्याची, ती बांदलेली त्याची, ह्यो खोंडासारखा दिसतोय त्यो बी त्याचाच. एक पोर घिऊन गेलंय पाण्याला. आन् दोन आमच्या भाच्याच्या वाड्यावं.”

दोन दिवस मी तिथंच होतो. सातही शिंगरं चितारली, भाच्याच्या वाड्यावरची दोन धरून. सगळ्यात लहान दीड वर्षाचं, मोठी घोडी आठ वर्षांची. सातांपैकी सहांचा खांदा चांगला तिरपा. खूर काळे, घट्ट, नाल न मारलेले. ओझं उतरवताना एका कोंबडीनं पाटीतून उडून थेट मोठ्या घोडीच्या मानेवर बैठक मारली. घोडीनं कान हलवला, एवढंच. दोन शिंगरांचे पुढचे खूर मात्र बाहेर वळलेले होते. ते मी लिहून ठेवलं. नर निर्दोष नाही. पण सगुणाचे पुढचे पाय सरळ आहेत आणि खांदा उभा आहे, तेव्हा हा व्यवहार मला पत्करण्यासारखा वाटला.

रक्त जवळचं तर नाही ना, हा प्रश्न उरला होता. आबांनी नराची आई सांगितली, आईची आई सांगितली, तिची आई कुणाच्या वाड्यावरून कोणत्या दुष्काळात आली तेही सांगितलं. सगळं घोड्यांच्या बाजूनं. अरबस्तानातले बेदुइनही वंश घोडीकडूनच मोजत आले, हे मी पुस्तकात वाचलं होतं. आबांना ते सांगितलं तर म्हणाले, “मग काय बापाकडनं मोजणार? आय कोन ती दिसती.” सगुणाच्या आधीच्या मालकाला फोन लावला. तिची आई आटपाडीकडची निघाली. आबांनी चार नावं विचारली आणि मान हलवली, आपल्यातली नाही.

नराचं रक्त माझ्या खर्चानं तपासलं. अहवाल निर्दोष आला. फीचं विचारलं तर आबांनी दोन पोती ज्वारी जास्त मागितली.

पहिल्या दिवशी सगुणानं कान पाडून लाथ झाडली. अशा वेळी घोडीला पिछाडी बांधून, ओठाला पीळ घालून काम उरकतात, मी पाहिलंय. आबा हसले आणि नर माघारी नेला. “तिचा येळ झाला न्हाई अजून.” तिसऱ्या दिवशी ती स्वतःच उभी राहिली.

सोळाव्या दिवशी डॉक्टरताईंनी सोनोग्राफी केली. त्या जुळं आहे का ते शोधत होत्या. घोडीला जुळं सहसा पेलत नाही, दोन्ही गर्भ जातात, म्हणून एवढ्या लवकर बघून एक दाबून काढावा लागतो. पडद्यावर काळा गोल ठिपका एकच होता.

माझं मागणं फार नाही. सारंगखेडा असो की नांदेडजवळची माळेगावची यात्रा, नराला ढाल द्यायची असेल तर त्याची निदान तीन शिंगरं शेजारी उभी करण्याची अट आयोजकांनी घालावी, आणि रक्ताचा त्या वर्षीचा अहवाल मांडवाच्या खांबाला लावायला सांगावा. पशुसंवर्धन खात्यानं मेंढरं परतायच्या हंगामात एक माणूस वही घेऊन वाड्यांवर पाठवावा. आबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत, आणि त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो.

सगुणा वैशाखात विईल. त्या मातकट नराचं ते आठवं शिंगरू असेल. कालव्यापलीकडं आमच्या गोठ्यात ते कुणालाही बघता येईल. पुढचे खूर आधी बघा.